निकाल पोचेपर्यंत

रक्त-लघवी तपासणाऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेत भिंतीवर एक पाटी असते: ‘रिपोर्ट संध्याकाळी सातनंतर मिळतील’. साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड यांच्या बाबतीत ती बहुधा खरी ठरते. पण एक तपासणी अशी आहे, की तिचा निकाल कधी दोन आठवड्यांनी, कधी आठ महिन्यांनी आला आहे, आणि कधी आलाच नाही. ती म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची, पॅप तपासणी. आपल्याकडच्या बायका तिला पिशवीच्या तोंडाची तपासणी म्हणतात. कर्करोग होण्याआधीच त्याला अडवणारी ही पहिली मोठी तपासणी, त्यामुळे तिचा इतिहास बहुतेक वेळा विजयाची गोष्ट म्हणून सांगितला जातो. त्यात शोध लावणाऱ्यांची नावं असतात, पुतळे असतात, नोबेलही असतं. मी ती गोष्ट प्रयोगशाळेच्या मागच्या दारातून सांगणार आहे. काचा किती आल्या, त्या कोणी वाचल्या, किती दिवसांत वाचल्या आणि उत्तर कुणाच्या हातात पडलं, एवढंच पाहायचं आहे.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हा आजार घाईचा नाही. तो ज्या विषाणूमुळे होतो, त्या एचपीव्हीची लागण बहुतेक बायकांच्या शरीरातून दोनेक वर्षांत आपोआप निघून जाते. ज्यांच्यात ती टिकते, त्यांच्यातही पेशी बिघडून कर्करोग व्हायला साधारण दहा ते वीस वर्षं लागतात. इतकी सवड देणारे कर्करोग फार थोडे. त्यामुळे तपासणीच्या सोयी असलेल्या देशात यानं बाई दगावली, की तिच्या कागदपत्रांत मागे कुठेतरी एक कोरा रकाना सापडण्याची शक्यता बरीच असते.

जॉर्ज पापानिकोलाऊ हा ग्रीसमधल्या एव्हिया बेटावरच्या किमी गावचा. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात तो गिनीपिगांच्या ऋतुचक्राचा अभ्यास करायचा. प्राण्यांवरून माणसांकडे वळल्यावर त्याच्या कामी आली ती बायको, आंद्रोमाखी. वर्षानुवर्षं तिनं आपल्या पेशींचे नमुने नवऱ्याच्या सूक्ष्मदर्शकासाठी दिले. तपासणीला नाव मात्र नवऱ्याचंच मिळालं. १९२८च्या जानेवारीत मिशिगनमधल्या बॅटल क्रीक इथल्या परिषदेत त्यानं काचेवर पसरलेल्या पेशींत कर्करोग ओळखता येतो असं मांडलं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. त्याच्या वर्षभर आधी बुखारेस्टमध्ये ऑरेल बाबेशनं जवळपास तेच सांगितलं होतं. तेही मागे पडलं. १९४१मध्ये हर्बर्ट ट्राउट या स्त्रीरोगतज्ज्ञाबरोबर पापानिकोलाऊनं निबंध प्रसिद्ध केला, १९४३मध्ये पुस्तक आलं, आणि मग गाडी चालू लागली. १९४९मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात व्हँकुव्हरच्या एका मध्यवर्ती प्रयोगशाळेकडे नमुने पाठवायला सुरुवात झाली.

इथून पुढे गोष्ट शोधाची राहत नाही, श्रमाची होते. एका काचपट्टीवर पन्नास हजारांपासून तीन लाखांपर्यंत पेशी असू शकतात. बिघडलेल्या पेशी त्यांत मोजक्याच, कधी दहा-वीस. कोणीतरी डोळा लावून ती काच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, शेत नांगरावं तशी ओळीओळीनं पाहायची. शंभरातल्या नव्वदांहून जास्त काचांवर काहीच नसतं. काही नसलेलं दिवसभर बघत राहायचं आणि जे एखाद्या वेळी असतं ते चुकवायचं नाही, असं हे काम. तांदूळ निवडणाऱ्या बाईला विचारा, कंटाळा आला की खडा कसा सुटतो ते. जगभर हे काम करणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रियाच होत्या. त्यांची नावं कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाहीत.

अमेरिकेत डॉक्टरांनी या तपासणीचा धडाका लावला, तेव्हा काचांचे डोंगर साचले. १९८७मध्ये वॉल्ट बोगदानिच या बातमीदारानं वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये दाखवून दिलं, की कित्येक प्रयोगशाळा काचेमागे मोबदला देऊन काम उरकत होत्या. जितक्या काचा जास्त, तितके पैसे जास्त. विडी कारखान्यात हजारावर मजुरी मिळते, तशातलीच ही रीत. फरक एवढाच, की इथे वेगाची किंमत तिसरीच बाई मोजत होती. या बातम्यांना पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. त्याच वर्षी, १९८८ साली, अमेरिकी काँग्रेसनं प्रयोगशाळांसाठी कायदा केला. त्याच्या नियमांनुसार एका तंत्रज्ञानं चोवीस तासांत १००पेक्षा जास्त काचा पाहायच्या नाहीत, आणि त्या १००सुद्धा आठ तासांहून कमी वेळात संपवायच्या नाहीत. माणसाचा डोळा किती वेळानं खोटं बोलू लागतो, याची मर्यादा कायद्यात लिहावी लागली.

युरोपच्या उत्तरेला याच सुमारास वेगळीच गोष्ट उघड झाली. फिनलंडनं १९६३पासून ठरावीक वयाच्या बायकांच्या याद्या करून त्यांना दर पाच वर्षांनी पत्रानं बोलवायला सुरुवात केली होती. नॉर्वेत जवळजवळ सगळीकडे ज्या बाईला वाटेल तिनं जावं आणि डॉक्टरांच्या मनात येईल तेव्हा त्यांनी नमुना घ्यावा, असं चालायचं. १९८७मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या एका अभ्यासानं १९६५ ते १९८२ या काळातले मृत्युदर शेजारी शेजारी ठेवले. आइसलंडमध्ये घट सुमारे ८० टक्के, फिनलंडमध्ये ५०, स्वीडनमध्ये ३४, डेन्मार्कमध्ये २५, नॉर्वेत १०. काच तीच, रंग तेच, डॉक्टर सारखेच शिकलेले. फरक होता तो यादीचा. इंग्लंडनं हाच धडा उशिरा गिरवला. तिथे १९६४पासून काचा गोळा होत होत्या, पण संगणकावर नावं चढवून प्रत्येकीला बोलावणं आणि परत बोलावणं १९८८मध्ये सुरू झालं. मधल्या चोवीस वर्षांत तपासण्या लाखोंनी झाल्या. त्यातल्या बऱ्याच त्याच त्या तरुण बायकांच्या पुन्हा पुन्हा झाल्या, आणि ज्यांना धोका जास्त होता त्या वयस्क, गरीब बायका दारापर्यंत आल्याच नाहीत.

मग भारतात काय करायचं? काचा वाचणारे प्रशिक्षित लोक नाहीत, पत्ता म्हणजे ‘मारुतीच्या देवळामागे’, आणि दर तीन-पाच वर्षांनी त्याच बाईला पुन्हा बोलावणं तर दूरच. इतिहासातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रयोग या प्रश्नातून उभा राहिला, आणि तो लंडन-न्यूयॉर्कमध्ये नाही, बार्शीत झाला.

महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं: बार्शी हे सोलापूर जिल्ह्यातलं, मराठवाड्याच्या उंबरठ्यावरचं बाजाराचं गाव. ‘बार्शी तिथे सरशी’ अशी म्हण आहे. १८९७मध्ये सुरू झालेली छोट्या रुळांची बार्शी लाइट रेल्वे हीच त्याची एके काळची ओळख. तिथल्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयानं मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या मदतीनं १९८७मध्ये ग्रामीण भागाची कर्करोग नोंदणी सुरू केली होती. देशातली ती अशी पहिलीच. गावागावांत जाऊन कोणाला कोणता कॅन्सर झाला, कोण गेलं, याची वही ठेवणं, हे तिचं काम. ही वही होती म्हणूनच पुढचा प्रयोग शक्य झाला. बाईची तपासणी करणं त्या मानानं सोपं. आठ वर्षांनी ती कुठे आहे, जिवंत आहे का, हे सांगता येणं अवघड.

ऑक्टोबर १९९९ ते नोव्हेंबर २००३ या काळात तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायकांची नोंद झाली. गावांचे ५२ गट केले आणि सोडत काढल्यासारखे ते चार वाटांना लावले. एका वाटेच्या बायकांची एचपीव्ही चाचणी, दुसरीत पॅप, तिसरीत ‘व्हीआयए’, म्हणजे गर्भाशयमुखाला पातळ अ‍ॅसिटिक आम्ल लावून, मिनिटभर थांबून, पांढरे डाग उठतात का ते नुसत्या डोळ्यांनी पाहणं. ही तपासणी आयुष्यात एकदाच. ज्यांच्यात काही सापडलं, त्यांना पुढची तपासणी आणि उपचार मिळाले. चौथ्या वाटेला यातलं काहीच नव्हतं. तिच्याकडे नंतर येतो.

या तीन चाचण्यांत फरक होता तो वेळेचाही. आम्लाचा निकाल बाई टेबलावर असतानाच कळतो. पॅपची काच रंगवून वाचावी लागते. एचपीव्हीसाठी तेव्हा वापरलेल्या चाचणीला यंत्रावर सहा-सात तास लागत, आणि नमुने ९६ खळग्यांच्या ताटलीत एकत्र लावायचे. अशा ठिकाणी ताटली भरण्याचीच वाट पाहिली जाते. म्हणजे सगळ्यात झटपट उत्तर सगळ्यात स्वस्त चाचणीचं. लोक घाईत असताना कोणती निवडतील, हे सांगायला नको.

पहिले आकडे आले २००५मध्ये. आम्लाच्या चाचणीत सुमारे १४ टक्के बायका ‘संशयित’ ठरल्या, एचपीव्हीत १०.३, पॅपमध्ये ७. पण प्रत्यक्षात गंभीर बिघाड ज्यांच्यात सापडला, त्यांचं प्रमाण तिन्हींत जवळपास सारखं, एक टक्क्याच्या आगेमागे. त्या वेळी कुणी म्हटलं असतं, की तिन्ही सारख्याच, स्वस्तातली घ्या, तर त्याला चूक म्हणता आलं नसतं. प्रयोगशाळेच्या तक्त्यात तरी तसंच दिसत होतं.

खरा निकाल आला तो एप्रिल २००९मध्ये, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनच्या पानांवर, नोंदीच्या वहीतून. एचपीव्ही गटात ३४,१२६ बायकांपैकी ३४ या कर्करोगानं गेल्या. तपासणी न झालेल्या ३१,४८८ बायकांपैकी ६४. पॅपच्या गटात ५४ आणि आम्लाच्या गटात ५६. तिथली घट इतकी थोडी, की ती योगायोग नाही असं संख्याशास्त्राला म्हणता येईना. आणखी एक आकडा मला जास्त बोलका वाटतो. ज्यांना पहिल्या तपासणीत ‘काही नाही’ असं सांगितलं, त्यांच्यापैकी पुढे किती जणींना कर्करोग झाला? एचपीव्ही गटात दर लाखामागे वर्षाला ३.७, पॅपमध्ये १५.५, आम्लात १६. ‘काही नाही’ या दोन शब्दांचा भरवसा एका चाचणीत चौपट होता, आणि ते कळायला आठ वर्षं लागली. प्रयोगशाळेचं घड्याळ तासांत चालतं, आजाराचं वर्षांत. एका घड्याळात पाहून दुसऱ्याची वेळ सांगण्याची चूक या इतिहासात पुन्हा पुन्हा झालेली दिसते.

आता चौथी वाट. त्या गावांतल्या बायकांना आजाराची माहिती दिली गेली, तपासणी हवी असेल तर कुठल्या दवाखान्यात जायचं तेही सांगितलं गेलं. पण तपासणी त्यांच्या गावात आली नाही. तशीच रचना मुंबईतल्या वस्त्यांमधल्या टाटा मेमोरियलच्या प्रयोगात होती आणि तमिळनाडूतल्या दिंडिगलमध्येही. तिन्ही मिळून तपासणी न मिळालेल्या बायका १,३८,६२४. एरिक सुबा या अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञानं २०१४मध्ये मुंबईहून निघणाऱ्या इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्समध्ये लिहिलं, की यातल्या किमान २५४ जणी या कर्करोगानं गेल्या, आणि पॅप तपासणीनं मृत्यू टळतात हे आधीपासून माहीत असताना असा गट ठेवणंच गैर होतं. प्रयोग करणाऱ्यांनी उत्तर दिलं: या देशातल्या खेड्यांत नेहमीची व्यवस्था म्हणजे तपासणी नसणं हीच होती, त्या वास्तवाशी तुलना केल्याशिवाय सरकार कशावरही खर्च करणार नाही, आणि पॅपचं परदेशातलं यश इथे जसंच्या तसं येईल असं धरून चालणं चूक.

दोन्ही बाजू वाचल्यावर मी कुठल्या बाजूला? बार्शीतच पॅपची काच मृत्यू फारसे कमी करू शकली नाही, हे उत्तर देणाऱ्यांच्या बाजूनं जातं. पण ते कळलं प्रयोगानंतर. सोडत निघाली तेव्हा कुणालाच ते माहीत नव्हतं. आणि ‘नेहमीची व्यवस्था म्हणजे काहीच नाही’ हे वाक्य खरं असलं, तरी ते सहज उच्चारता येऊ नये असं मला वाटतं. त्या ६४ जणींच्या मृत्यूंमुळे पलीकडच्या ३४ या आकड्याला अर्थ आला. जगातल्या प्रत्येक मार्गदर्शक पुस्तिकेत हा आकडा आज आहे. त्या गावांचं नाव तिथे बहुधा नुसतं ‘ग्रामीण भारत’ असतं.

बार्शीच्या आणि युरोपातल्या प्रयोगांच्या जोरावर पॅप मागे सारून एचपीव्हीला पुढे आणण्याचं काम आधी श्रीमंत देशांनीच केलं. नेदरलँड्स आणि ऑस्ट्रेलिया २०१७मध्ये त्या वाटेनं गेले. इंग्लंडनं २०१६मध्ये तसं जाहीर केलं आणि तिथे एक विचित्र गोष्ट घडली. यंत्र येणार, काचा कमी होणार, प्रयोगशाळा चाळीसहून अधिक आहेत त्या मोजक्याच उरणार, हे कळल्यावर काचा वाचणारे लोक नोकऱ्या सोडू लागले. यंत्र यायला अजून तीन वर्षं होती. तोवर काच कोण वाचणार? चौदा दिवसांत ९८ टक्के बायकांना निकाल पोचवायचा, असं तिथल्या आरोग्यसेवेचं उद्दिष्ट होतं. ते कोसळलं. राष्ट्रीय लेखापरीक्षकांच्या अहवालानुसार मार्च २०१८मध्ये ९७,६२८ नमुने वाचायचे पडून होते. गिरणी बंद पडणार म्हटल्यावर उत्तम कारागीर आधी निघून जातात, हे मुंबईकराला सांगावं लागत नाही. बदलाची तारीख ठरवणाऱ्यांच्या हिशेबात ते नव्हतं.

आयर्लंडमध्ये जे झालं ते याहून कडवट. तिथल्या राष्ट्रीय कार्यक्रमानं, २००८मध्ये तो सुरू झाला तेव्हाच, काचा वाचण्याचं काम अमेरिकेतल्या प्रयोगशाळेला दिलं होतं. कारण तेच, देशात निकाल फार रेंगाळत होते. विकी फेलन या बाईची २०११मधली काच ‘काही नाही’ म्हणून परत आली. २०१४मध्ये तिला कर्करोग निघाला. त्यानंतर जुन्या काचांची फेरतपासणी झाली, चूक लक्षात आली, आणि ती तिच्या फायलीत नोंदली गेली. तिला ते कळलं २०१७मध्ये. एप्रिल २०१८मध्ये तिनं प्रयोगशाळेविरुद्धचा दावा २५ लाख युरोला मिटवला, पण गप्प राहण्याची अट नाकारली. तिनं तोंड उघडलं म्हणून कळलं, की अशा २००हून अधिक बायका आहेत आणि त्यातल्या बहुतेकींना फेरतपासणीबद्दल कुणी सांगितलेलंच नाही. सरकारनं घाबरून सगळ्यांना मोफत फेरतपासणी देऊ केली, काचांचा महापूर आला, आणि निकालाची वाट सहा-सात महिन्यांपर्यंत लांबली. पुढच्या वर्षी संगणकातल्या एका बिघाडानं आणखी शेकडो जणींची निकालपत्रं निघालीच नव्हती, हे बाहेर आलं. काच चुकीची वाचली जाणं एक वेळ समजू शकतं, डोळ्याला मर्यादा आहे. बाईचा निकाल सगळ्या कचेरीला माहीत आणि फक्त तिलाच नाही, याला मर्यादा हा शब्द लागू होत नाही. फेलन १४ नोव्हेंबर २०२२ रोजी गेली.

ज्या देशाच्या खेड्यांनी एचपीव्हीचा पुरावा दिला, तिथली स्थिती मात्र अशी. २०१६च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी आम्लाची चाचणी ठरवली. तीही अगदीच निराधार नाही. मुंबईतल्या १,५१,५३८ बायकांच्या प्रयोगात दहावीपर्यंत शिकलेल्या कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी ती केली, चार फेऱ्या झाल्या आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. उत्तर जागेवर मिळतं, पत्र नको, पत्ता नको, हा तिचा मोठाच गुण. पण २०१९ ते २१मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांत ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली असं सांगणाऱ्या निघाल्या १.९ टक्के. २०२२ या एका वर्षासाठी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे १,२७,५२६ नव्या रुग्णांचा आणि ७९,९०६ मृत्यूंचा.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१मध्ये एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती दिली. तिची एक सोय विशेष आहे. नमुना बाईला स्वतःचा स्वतः, आडोशाला जाऊन घेता येतो. परपुरुषासमोर, किंवा अगदी डॉक्टरीणबाईंसमोरही, टेबलावर झोपायला नको. लाजेनं न येणाऱ्या कित्येकींसाठी हे दार उघडेल. पण ज्या क्षणी आम्लाऐवजी नळी वापरायची ठरते, त्या क्षणी निकाल पुन्हा जागेवरून उठून प्रयोगशाळेत जातो, आणि तिथून त्याला परत यावं लागतं. हल्ली तो मोबाइलवर पाठवायची पद्धत आहे. अर्जात नाव, वय, गाव यांच्याखाली दहा चौकटी असतात. त्याच सर्वेक्षणानुसार स्वतः वापरता येईल असा फोन देशातल्या ५४ टक्के बायकांकडे होता. बाकीच्या जणी त्या दहा चौकटींत नवऱ्याचा नाहीतर मुलाचा नंबर लिहितात.